सतरा नंबरची कुऱ्हाड

सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवून मला तीस वर्षं होत आली. या तीस वर्षांत मी लोखंडाचं काय भलं केलं ते सांगता येणार नाही, पण लोखंडानं मला एक खोड मात्र लावली. समोर आलेली कुठलीही वस्तू मी मनातल्या मनात मोजतो. दार, टेबल, वडापावचा पाव, लग्नातलं स्टेज. बायको सांगते की तिला बघायला आलो तेव्हा माझं लक्ष तिच्याकडं कमी आणि त्यांच्या दाराच्या बिजागरीकडं जास्त होतं. खोटं नाही सांगत ती. वरची बिजागरी दोन सूत खाली बसली होती, आणि घरात एवढी माणसं असून कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्यामुळं निवडणुकीच्या दिवसांत एकदा प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "पोलीस ठाण्यात एका हत्याराचं माप घ्यायचंय, जाता का?" तेव्हा मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला सरकारी नोकर बोलावतात, ही नेहमीची गोष्ट आहे. असं बोलावणं आलं की आमच्या स्टाफमधल्या निम्म्या लोकांना त्याच दिवशी ताप भरतो. पण या वेळी ठाण्याला नुसता सही करणारा नको होता, मोजणारा हवा होता. मागं कुठल्याशा प्रकरणात सुऱ्याचं माप शिंप्याच्या टेपनं घेतलं होतं आणि वकिलानं त्यावरून भर कोर्टात पोलिसांची शोभा केली होती, असं प्राचार्य म्हणाले. मी कपाटातून माझा व्हर्निअर काढला. मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवणारा, मखमली डबीतला, आजवर एकाही विद्यार्थ्याला हात लावू न दिलेला. स्कूटरच्या डिकीत टाकायला मन होईना, म्हणून पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि निघालो. रस्त्यानं जाताना मी जरा ताठच बसलो होतो.

ठाणं पैठण रस्त्यावरचं. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली. आचारसंहिता लागली होती, तेव्हा परवान्याच्या बंदुका जमा करून घेण्याचं काम जोरात होतं. परवाना असलेल्या माणसानं निवडणूक संपेपर्यंत आपली बंदूक ठाण्यात आणून ठेवायची आणि पावती घेऊन जायची. पांढऱ्या कपड्यातले एक भारदस्त गृहस्थ खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांची दुनळी बंदूक निळ्या मखमलीच्या खोळीतून अर्धी काढून टेबलाला टेकवून ठेवली होती आणि हवालदार तिचा नंबर डोळे बारीक करून उतरवून घेत होते. दसऱ्याच्या पूजेखेरीज ती खोळीबाहेर निघत नसावी, कारण तिच्या घोड्यावरसुद्धा कुंकवाचे डाग होते.

आत फौजदारांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एक कुऱ्हाड ठेवली होती. सवयीप्रमाणं मी आधी तिच्याकडं मापाच्याच नजरेनं पाहिलं. पातं चंद्रकोरीसारखं वळवलेलं, पाठ आरशासारखी घासलेली, दोन्ही टोकं अगदी सारखी. कुणातरी जाणकाराच्या हातची दिसते, असं मनात आलं. मग पात्याच्या मुळाशी ठोकलेला आकडा दिसला, सतरा. जाणकार मीच होतो. ही कुऱ्हाड अकरा वर्षांपूर्वी मी आमच्या वर्कशॉपमध्ये माझ्या हातानं केली होती.

भिंतीला टेकून खाली बसलेला माणूसही मग ओळखू आला. बिडकीनच्या अलीकडं आमची थोडी शेती आहे, औद्योगिक वसाहतीत गेली त्यातून उरलेली. दर वर्षी दिवाळी झाली की हे मामा आपली मेंढरं घेऊन येतात आणि आमच्या मोकळ्या रानात आठ-दहा दिवस बसवतात. मेंढ्यांना चारा मिळतो, रानाला खत मिळतं, आणि मला रविवारी जाऊन बांधावर बसायला निमित्त मिळतं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे चालत आलंय. मी त्यांना मामा म्हणतो, त्यांच्या बायकोला मामी, आणि मामा वयानं मोठे असून मला सर म्हणतात.

मामांनी वर पाहिलं, मला ओळखलं आणि लगेच नजर खाली घेतली. मी कोण कुठला, असा चेहरा करून ते फरशीकडं बघत राहिले. आधी मला वाईट वाटलं. मग कळलं की मला अडचण नको म्हणून ते ओळख दाखवत नव्हते. आणि मी काय केलं? "स्केलवर दिसतं तेच लिहायचं" असं तीस वर्षं वर्गात ओरडून सांगणाऱ्या या माणसानं ती सोय मुकाट्यानं घेतली. खुर्ची ओढली, बसलो आणि पिशवीतून डबी काढली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

फौजदार तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी हकीकत सांगितली. सकाळी चितेगावच्या नाक्यावर तपासणी चालू असताना हे मामा ॲपे रिक्षातून उतरले, खांद्यावर ही कुऱ्हाड. विचारलं तर म्हणाले, मेंढरांचं औषध आणायला चाललोय. औषधाला कुऱ्हाड कशाला, असं विचारलं तर म्हणाले, असतीच की खांद्यावर. साधी कुऱ्हाड असती तर दम देऊन सोडून दिलं असतं, पण ही काही साधी दिसत नव्हती.

"आणि हा नंबर बघा, सर," हवालदार मध्येच म्हणाले. बंदुकीची पावती अर्धी टाकून ते खास यासाठी आत आले होते. "सतरा. मंजे आधीच्या सोळा कुठं हायेत? शहरात पोरं ऑनलाइन तलवारी मागवायलीत, तिथं बी नंबर नसतो. हे तर कारखाना काढून बसलेत."

मी मान डोलावली. काय सांगणार होतो? आयटीआयमध्ये कुठलाही जॉब नंबर ठोकल्याशिवाय वर्कशॉपच्या बाहेर जात नाही. करणाऱ्याचा हजेरी क्रमांक आकड्याच्या ठशानं लोखंडावर उमटवायचा, म्हणजे मार्क देताना घोटाळा नको. सतरा हा मी स्वतः शिकत होतो तेव्हाचा माझा क्रमांक. हात सवयीनं ठशाकडं गेला आणि मी तो अभिमानानं ठोकला. आधीचे सोळा म्हणजे माझ्या बॅचचे सोळा जण. त्यातले तिघे वाळूजला नोकरी करून निवृत्त झाले, एकाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि त्यांच्यातला एकही कधी फारसा धारदार नव्हता.

कुऱ्हाड करायचं खूळ माझंच. बारा वर्षांपूर्वी मामा आमच्या रानात असताना त्यांच्या जुन्या कुऱ्हाडीचं पातं चिरलं. ते म्हणाले, "बिडकीनच्या लोहाराकडून आणतो दुसरी." मी म्हटलं, "मी असताना लोहार कशाला?" मामांनी दोन बोटं जुळवून दाखवली होती, चांगलं आठवतं. "पातं एवढं पुरं, सर. हलकी असली म्हणजे झालं, दिसभर खांद्यावर राहती." मी ऐकलं आणि सोडून दिलं. गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवं ते कळत नसतं, असं माझं तेव्हाचं मत होतं. भंगारातला ट्रकचा कमानपाटा घेतला, वर्कशॉपच्या भट्टीत लाल केला, आठ रविवार घालवून पातं असं काढलं की सगळा स्टाफ बघायला आला. वेल्डर ट्रेडच्या सरांनी तर तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. पुढच्या वर्षी मामा आले तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली. मामांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि "लई झाली, सर" म्हणाले. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

तर आता तीच कुऱ्हाड मी अनोळखी असल्यासारखी उचलली. फौजदारांनी कायदा समजावून सांगितला. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र. मात्र घरकामासाठी, शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी बनवलेलं असेल तर नाही.

"लांबी म्हणजे कुठली, साहेब?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी धरायची, का दांड्यापासून धारेपर्यंतची? धार ही लांबी धरली तर रुंदी दुसरीकडं जाते. आणि धार वळलेली आहे. वळणावरून मोजायची का सरळ रेषेत?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की शिंप्याचा टेप त्यांना पुन्हा बरा वाटू लागला आहे. मी मात्र रंगात आलो होतो. वळणावरून मोजलं, सरळ मोजलं, जाडी घेतली, दोनदा तपासलं. अकरा वर्षांत धारेला एक दाता पडला नव्हता. भट्टीतून काढल्यावर पाणी किती नेमकं दिलं होतं मी, असा विचारही मनात येऊन गेला. खाली भिंतीशी मामा बसले होते आणि मी माझ्याच कामावर खूश होत होतो.

माप असं निघालं की धार सव्वासहा इंच, आणि दुसरीकडून तीन इंचांहून थोडं जास्त. म्हणजे लांबी-रुंदी कशीही फिरवा, दोन इंचांच्या आत काही बसत नव्हतं.

"बसलं तर मग," बाहेरचे बंदूकवाले गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन दारात उभे होते. दुसरे पंच म्हणून त्यांनाच थांबवून घेतलं होतं आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. "शस्त्राच्या मापात बसलं ना? लिहा शस्त्र."

"मापावर गेलं तर तुमच्या घरातली विळीसुद्धा शस्त्र आहे," मी म्हणालो.

"विळीचं पातं केवढं असतं?"

"मी मोजलंय. आमची दहा इंच आहे."

"मंग वहिनीला जपून राहा," गृहस्थ म्हणाले, आणि हवालदार खो खो हसले. फौजदारही हसले. "सर, तुमचं बरोबर आहे. माप सगळ्यांचंच भरतं. त्याच्यावर कुणी अडत नाही. खरा प्रश्न वस्तू कशासाठी बनवलीय हा आहे. शेतीसाठी बनवलेली कुऱ्हाड अशी असते का, तुम्ही सांगा. ही चकाकी, हे वळण, हा नंबर. ही कुणीतरी मिरवायला नाहीतर मारायला बनवलेली दिसते."

म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मी काढलेलं माप कुणालाच नको होतं. एवढं झाल्यावर तरी माझं डोकं ताळ्यावर यायला हवं होतं. ते आलं मामांच्या बोलण्यानं.

"साहेब, कुऱ्हाड ठिवून घ्या," मामा खालून म्हणाले. "पर मला जाऊ द्या. परवा सकाळी रान मोकळं करायचंय, मालक नांगर घालणार हायेत. बाई एकली हाय मेंढरांपाशी. पुढं गोदावरी ओलांडून जायचंय, तिथल्या लोकांला शब्द दिलाय."

"गुन्हा दाखल झाला तर तारखेला यावं लागेल, बाबा," फौजदार म्हणाले. "आणि तारखा किती पडतील ते माझ्या हातात नाही."

"तारखंला इथं येऊ तर मेंढरामागं कोण जाईल? आन मेंढरामागं जाऊ तर तुम्ही फरार म्हणणार. मी दोन्हीकडं कसा पुरणार, साहेब?"

हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, शंका म्हणून विचारलं. "मालक नांगर घालणार" म्हणताना ते ज्या मालकाबद्दल बोलत होते तो माझा सख्खा भाऊ, आणि दुसरा मालक व्हर्निअर हातात धरून टेबलाशी बसला होता. मामांनी तेव्हाही माझ्याकडं पाहिलं नाही.

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. सरकारी भट्टीत, सरकारी भंगारातून खाजगी वस्तू केली म्हणून चौकशी लागली असती. वर कुणी विनापरवाना शस्त्रनिर्मिती म्हटलं असतं तर माझ्या निरोप समारंभाऐवजी वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला असता, आणि वेल्डरच्या सरांकडं फोटो तयारच होता. हे सगळं मनात येऊन गेलं. पण मामा तिकडं फरशीकडं बघत मला वाचवत बसले होते, ते मला सहन होईना.

"फौजदारसाहेब," मी म्हणालो, "ही कुऱ्हाड मी केलीय."

गृहस्थांनी कप खिडकीत ठेवला. मग मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. मामांची ओळख, आमचं रान, कमानपाटा, आठ रविवार, हजेरी क्रमांक सतरा. हवालदारांचा चेहरा उतरला. सोळा कुऱ्हाडींचा कारखाना त्यांच्या हातातून गेला होता.

"मग आल्या आल्या का नाही सांगितलं, सर?" फौजदारांनी विचारलं.

"भ्यालो," मी म्हणालो.

त्यांनी त्यावर काही टोमणा मारला नाही. उलट खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "मग तर सोपं झालं. कायदा विचारतो, कशासाठी बनवली. बनवणारा माणूस समोर बसलाय. तुम्हीच सांगा, सर, कशासाठी बनवली?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. खरं उत्तर मला माहीत होतं. दाखवायला बनवली. स्टाफनं बघावी, वेल्डरच्या सरांना कमीपणा वाटावा, मामांनी तीन तालुक्यांत सांगत फिरावं की आमच्या सरांनी केलीय, यासाठी बनवली. पाला, फांद्या, मेंढ्या या गोष्टी त्या आठ रविवारांत एकदाही माझ्या मनात आल्या नव्हत्या. खरं बोललो तर मामा अडकत होते. खोटं बोलायची तयारी होती, पण मला खोटं लवकर सुचत नाही.

"मेंढरांसाठी केली, साहेब," मामा भिंतीपासून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा निघाला. "बाभळीचा पाला पाडायला. म्याच म्हणलं होतं सरांना, चांगली रुंद करा म्हणून. लई गळी पडलो होतो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. जुळवलेली दोन बोटं मला अजून दिसत होती. मामा तोंडावरची रेघ न हलवता फौजदारांकडं बघत होते.

"पण मेंढरं राखणं म्हणजे शेती होते का?" बंदूकवाले गृहस्थ म्हणाले. आता त्यांना घरी जायची घाईच राहिली नव्हती. "शेती वेगळी, मेंढरं वेगळी. कायद्यात शेती म्हणलंय."

"तुमच्या रानात मेंढ्या बसवता का?" फौजदारांनी त्यांना विचारलं.

"बसवतो की. दर साली."

"कशासाठी?"

"खतासाठी, दुसरं कशासाठी?"

"मग ती शेती झाली का नाही?"

"व्हय," गृहस्थ म्हणाले, "तसं बघितलं तर झालीच." आणि ज्यांची स्वतःची दुनळी बंदूक बाहेर पावतीची वाट बघत होती त्या माणसानं ही कुऱ्हाड शस्त्र नसल्याचं आपलं मत मोठ्या उदारपणानं हवालदारांना लिहून घ्यायला सांगितलं.

गुन्हा दाखल झाला नाही. स्टेशन डायरीला नोंद झाली. माझा जबाब घेतला की सदर कुऱ्हाड मी शेतीच्या कामासाठी तयार केली आहे, आणि आचारसंहिता संपेपर्यंत ती माझ्या ताब्यात राहील. मी सही केली. आयुष्यात न मोजलेल्या गोष्टीवर केलेली ती माझी पहिली सही. बाहेर पडताना हवालदार म्हणाले, "सर, पुढच्या येळी नंबर नका टाकू." मामांना मी स्कूटरवर मागं बसवलं, चितेगावातून मेंढ्यांचं औषध घेतलं आणि रानाच्या रस्त्यापर्यंत सोडलं.

घरी मी कुऱ्हाड वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बनवली तुम्ही, आणि निस्तरलं त्यांनी." मी म्हटलं, "तसं नाही अगदी." ती म्हणाली, "मग कसं?" मी उठून कुऱ्हाड कपाटावर आणखी मागं सरकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं. मी रजा टाकून रानात गेलो. मनात एक ठरवलं होतं. मामांकडं आता कुऱ्हाड नाही, पुढं दोन महिने ते पाला कशानं पाडणार? म्हणून आधी पुढं बिडकीनच्या बाजारात जाऊन एखादी साधी घेऊन द्यावी असं वाटत होतं, पण दुकान उघडलं नव्हतं. तसाच हात हलवत पोचलो. बिऱ्हाड घोड्यांवर बांधून झालं होतं. मेंढरं बांधाला लागली होती. आणि मामा बाभळीखाली उभे राहून कुऱ्हाडीनं फांद्या उतरवत होते.

साधी, अरुंद, काळी कुऱ्हाड. पातं जेमतेम दोन बोटं. दांडा हातानं घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की नवी कुऱ्हाड म्हणायची काही सोयच नव्हती.

"ही कुठून आली, मामी?" मी विचारलं.

"ही? ही नेहमीची," मामी म्हणाल्या. त्या घोडीचा पट्टा आवळत होत्या आणि त्यांच्या मनात काही लपवायचं नव्हतं. "बिडकीनच्या लोहाराची. तुमची ती लई जड हाय, सर. पाच फांद्या पाडल्या की हात भरून येतो. ती असती आपली वर्सभर घोडीवर बांधलेली. तुमचं रान जवळ आलं की हे काढत्यात बाहेर, खांद्यावर घ्यायला. सरांना दिसली पायजे म्हणत्यात."

मामा तिकडून "ए, गप," म्हणाले, पण उशीर झाला होता.

मला बांधावर बसावंसं वाटलं, म्हणून बसलो. म्हणजे त्या दिवशी चितेगावच्या नाक्यावर मामा पकडले गेले ते माझ्यामुळं. इतर कुठल्याही रानात असते तर त्यांच्या खांद्यावर ही काळी कुऱ्हाड असती आणि तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. दर वर्षी मी रानात आलो की आधी ती कुऱ्हाड हातात घ्यायचो, धारेवरून अंगठा फिरवायचो, बरोबर आणलेल्या पाहुण्यांना दाखवायचो. मामा बाजूला उभे राहून हसायचे. अकरा वर्षं ते माझी हौस खांद्यावर वागवत होते.

"मामा," मी म्हणालो, "जड आहे, कामाची नाही, हे कधी बोलला का नाहीत?"

मामा जवळ आले. राग नव्हता, उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "जाऊ द्या, सर. दिसायला एक नंबर हाय. कुणाकडं नाय तशी."

"पण लोहाराची चालते, माझी चालत नाही. त्यानं काय असं वेगळं केलं?"

मामांनी काळी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मी सवयीनं पातं डोळ्यांसमोर धरलं. मापात ते कुठंच सरळ नव्हतं. एका अंगाची धार दुसऱ्या अंगापेक्षा जास्त उतरवलेली होती आणि पातं दांड्यावर किंचित एका बाजूला कलतं बसवलं होतं. माझ्या वर्गात असा जॉब कुणी आणला असता तर मी परत पाठवला असता.

"ही वाकडी आहे," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले. "लोहारानं पयलंच विचारलं, डावखुरे का उजवे. म्हणलं, डावखुरा. मंग त्यानं तशी धार लावली."

मी कुऱ्हाड परत दिली. वडिलांच्या वेळेपासून ज्यांना बघत आलो, ज्यांच्याबरोबर या बांधावर बसून कितीतरी वेळा चहा प्यालो, ते डावखुरे आहेत हे मला माहीत नव्हतं. मामींनी घोडी पुढं काढली, मेंढरं हलली. "येतो, सर," म्हणत मामांनी कुऱ्हाड उचलून डाव्या खांद्यावर टाकली आणि ते मेंढरांमागं चालू लागले. इतकी वर्षं माझी कुऱ्हाडही डाव्याच खांद्यावर असणार.